वाळूच्या तळाचा निळा रंग

मी एक जुनी वाळूची पेटी आहे. बागेत लहान मुलं उड्या मारतात तसली नव्हे, मित्रांनो. मी टेबलावर मावते आणि एका नजरेत सगळी दिसते. माझ्या बाजू साध्या लाकडाच्या आहेत, पण तळ निळा आहे. हा निळा रंग तेवढा लक्षात ठेवा.

झुरिचच्या तळ्याकाठी एका सुताराने मला घडवलं. रंगाचा डबा हातात धरून तो म्हणाला, "डॉक्टरबाई, तळाला रंग कशाला वाया घालवता? वर वाळू येणार. कोण बघणार आहे?"

"जो खणेल तो," डॉक्टरबाई म्हणाल्या.

सुताराने मान हलवली, पण रंगाचे दोन हात मात्र नीट दिले.

रेगुला हुर्लिमान या मुलांच्या मनाच्या डॉक्टर. त्यांच्या खोलीत सुई नव्हती की कडू औषध नव्हतं. तिथे मी होते आणि भिंतीवरच्या फळ्यांवर चिमुकली घरं, झाडं, गाई, राण्या, राक्षस होते. बाई जी विद्या शिकल्या होत्या, ती सांगते की आपल्या मनाचा थोडासाच भाग आपल्याला दिसतो. नकोसं वाटलेलं, विसरलेलं, स्वतःपासूनही लपवलेलं असं पुष्कळ काही खाली असतं. त्याला अबोध मन म्हणतात. खाली ढकललेली गोष्ट नाहीशी होत नाही. ती वेश बदलून परत येते, कधी स्वप्नात, कधी खेळात. म्हणून बाई मुलांना खोदून खोदून विचारत नसत. "हवं ते मांड," एवढंच म्हणत.

त्यांचे दोन नियम होते. मुलाने मांडलेल्या चित्राचा अर्थ त्याला सांगायचा नाही आणि ते चित्र त्याच्यासमोर मोडायचं नाही. जिन्यावरची पावलं विरली की मगच त्या एकेक वस्तू फळीवर ठेवत.

सेराइना तिसरीत असताना यायची. तिचा धाकटा भाऊ इस्पितळात होता आणि घरात सारखं त्याच्याविषयीच बोलणं चालायचं. ती दर वेळी एक गाव मांडायची आणि लाकडी लांडगा घेऊन तो कोपऱ्यात पुरून टाकायची. पुढच्या आठवड्यात लांडगा पुन्हा फळीवर उभा!

"आलास परत?" ती त्याला दटावायची. "एकदा सांगून कळत नाही का रे तुला?"

एकदा तिने त्याला फारच खोल पुरायचं ठरवलं. खणता खणता बोटं तळाला लागली आणि ती थबकली.

"डॉक्टरबाई, खाली पाणी आहे!"

"हो का?" बाई अशा काही म्हणाल्या, जणू त्यांनाही हे आजच कळत होतं.

सेराइनाने वाळू दूर सारून तळं मोठं केलं आणि लांडग्याला काठावर उभं केलं. "तहान लागली होती त्याला. म्हणून येत होता," ती म्हणाली. त्यानंतर तिला फारसं यावं लागलं नाही.

पुढे बाई म्हाताऱ्या झाल्या, दवाखाना बंद झाला आणि माझी रवानगी तळघरात झाली. कोणी माझ्यात सफरचंदं ठेवली, नंतर कोणी बर्फावर घसरायचे ओले बूट. माझ्या लाकडाला वास लागला. मुलांची बोटं आठवत मी अंधारात पडून राहिले.

मग एके दिवशी मोठी झालेली सेराइना मला आणि फळ्यांवरच्या चिमुकल्या वस्तू मागायला बाईंकडे आली. ती आता व्हिडिओ गेमच्या गोष्टी लिहीत होती. नदीकाठच्या एका जुन्या कारखान्यातली खोली, तीत दोनच माणसं. एक ती आणि दुसरा रेटो, जो तिच्या गोष्टी संगणकाच्या भाषेत उतरवायचा.

मला बघून तो म्हणाला, "मांजर पाळतेयस का? त्यांच्या शी-शूची वाळू असल्याच पेटीत असते."

"मूर्खा, यात गोष्टी सापडतात."

"मांजरांच्याही सापडतात," रेटो म्हणाला.

त्यांचा गेम डोंगरातल्या एका गावाचा होता. गावातल्या मुलीमागे लांडगा लागतो. खेळणाऱ्याने त्याला हाकललं, तर पुढच्या भागात तो वारा होऊन येतो, त्यापुढच्या भागात शाळेच्या फरशीखालचा आवाज होऊन. ही युक्ती कुठून आली, हे मी लगेच ओळखलं.

"रेटो, तुझ्या प्रत्येक गेममध्ये तळघर का असतं?" एकदा तिने विचारलं.

"अंधार रंगवायला सोपा. काम कमी."

"आणि तिथे उतरताना तुझीच छाती का धडधडते? तूच तर बनवलंयस ना ते?"

रेटोने पावाचा घास गिळला. "हां, ते मात्र सांगता येत नाही."

मला त्यांचं बोलणं ऐकायला फार आवडे. पुस्तकातलं दार लेखक उघडतो, मित्रांनो. गेममधलं दार मात्र तुमच्या अंगठ्याखाली असतं. खाली उतरायचं की पळायचं, हे तुम्हीच ठरवता. म्हणूनच तिथली भीती जरा जास्त आपली वाटते.

अडलं ते शेवटावर. रेटोला लढाई हवी होती. सेराइनाला वाटे की लोकांना लांडग्याचा अर्थ कळायला तर हवा. शेवटी ठरलं की लांडग्याला मारायचं आणि मग पडद्यावर एक आजी येऊन सगळं सांगेल. वसंतात एका कंपनीची माणसं गेम पाहायला येणार होती. त्यांना तो भावला नसता, तर दोघांनाही दुसऱ्यांच्या गेममधली झाडं रंगवत बसावं लागलं असतं. आणि शेवट काही जमत नव्हता.

एका दुपारी सेराइनाने भिंतीवरच्या फळीवरून वस्तू घेऊन माझ्यात गाव मांडलं. रेटोने कॉफीचे कप ठेवायला जागा हवी म्हणून हाताच्या एका फटकाऱ्याने ते बाजूला सारलं.

"अरे! माणसासमोर मोडायचं नसतं!"

"वाळूच आहे की."

"तुझं आठवडाभराचं काम मी तुझ्यासमोर पुसू?"

रेटोने कप उचलून खिडकीत ठेवले.

मग तिने डॉक्टरबाईंना बोलावलं. बाई सफरचंदाचा केक घेऊन आल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "द्या तो रिमोट." त्या हळूहळू खेळल्या, दोनदा नदीत पडल्या. लांडगा समोर आला तेव्हा त्यांनी काही केलं नाही. नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"बाई, काहीतरी दाबा!" रेटो म्हणाला.

"का? तोही थांबलाय की."

शेवटी रेटोने पुढे होऊन बटण दाबलं. लांडगा पडला आणि पडद्यावरची आजी म्हणाली, "मुली, हा लांडगा म्हणजे तुझाच राग होता."

बाईंनी तो रिमोट, म्हणजे गेमचा कंट्रोलर, खाली ठेवला. "हे मी विचारलं होतं का या आजीला?"

सेराइना ओशाळली. "पण लोकांना कळलं नाही तर?"

"तुझ्या लांडग्याचं मी तुला कधी सांगितलं होतं?"

"नाही. मी त्याला पुरायचे, एवढंच आठवतं. पुढे काय झालं, ते काही केल्या आठवत नाही."

बाईंचा हात माझ्या काठावर आला. मला वाटलं, आता सांगतील. माझ्या पोटातलं सगळं ओठांवर आलं होतं, पण मला ओठ कुठले! बाईंनी काठावरून एकदा हात फिरवला, कोट चढवला आणि त्या ट्राम पकडायला गेल्या.

सेराइना माझ्याजवळ बसली. काही न मांडता नुसती वाळू उकरत राहिली. उकरता उकरता बोटं तळाला लागली.

"अगं, खाली रंग आहे," रेटो म्हणाला.

तिने तळावरची वाळू दूर सारली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "पाणी आहे ते. त्याला तहान लागली होती, रेटो."

त्या दिवशी आजी गेमबाहेर गेली. लढाईही गेली. आता गावातला बर्फ खणता येऊ लागला. खणलं की पाणी लागतं आणि लांडगा येऊन पितो.

"आणि जो खणणारच नाही?" रेटोने विचारलं.

"त्याचा लांडगा येत राहील."

रेटोने डोकं खाजवलं आणि कामाला लागला. कोणी कधी खणणार नाही अशा जागीही त्याने बर्फाखाली निळा रंग भरला. मला माझ्या सुताराची आठवण झाली.

वसंतात कंपनीची माणसं आली. त्यांतले एक गृहस्थ खेळले आणि म्हणाले, "हा लांडगा म्हणजे नक्की कोण?" रेटोने तोंड उघडलं, सेराइनाकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला कोण वाटला?"

ते पडद्यावरच्या लांडग्याकडे वळले. "माझे वडील," ते म्हणाले. मग त्यांनी कॉफी मागितली. गेम त्यांनी घेतला.

त्या संध्याकाळी सेराइनाने माझ्यात काहीतरी मांडलं. काय, ते मी सांगणार नाही. ती निघाली, तरी रेटो अंगात जाकीट घालून दाराशी थांबला. जिन्यावरची तिची पावलं विरेपर्यंत थांबला. मग त्याने एकेक वस्तू उचलून फळीवर ठेवली, लांडगा सर्वांत शेवटी, आणि वाळू तळहाताने अलगद सारखी केली.

मित्रांनो, मला ओल्या जागी ठेवू नका, एवढं तर कोणतीही लाकडी वस्तू मागेल. माझं मागणं थोडं जास्त आहे. तुमच्या शेजारचं कोणी वाळूत, कागदावर किंवा पडद्यावर आपल्या मनातलं काही मांडत असेल, तर अर्थ सांगायची घाई करू नका. ते त्याच्यासमोर मोडू नका. आणि तुमचा स्वतःचा लांडगा परत परत येत असेल, तर त्याला एकदा विचारून बघा, तहान लागली आहे का.