राखेनंही न निघणारं लेबल

नागभीडच्या ज्योत्स्ना बोरकरची जवसाची चटणी गावात सगळ्यांना माहीत होती. काचेच्या बाटलीत भरायची, झाकण घट्ट लावायचं आणि ओळखीच्यांना द्यायची, एवढाच तिचा धंदा. चंद्रपुरातल्या एका मोठ्या किराणा दुकानाचे मॅनेजर प्रवीण गेडाम यांची सासुरवाडी नागभीडची. तिथं जेवताना त्यांनी ती चटणी दोनदा मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नाच्या दारात येऊन उभे राहिले. माल दुकानात ठेवायला ते तयार होते, फक्त प्रत्येक बाटलीवर बारकोड हवा होता.

"चटणी कशी आहे ते आमच्या मशीनला कळत नाही, ताई," ते म्हणाले. "तिला रेघा लागतात."

ज्योत्स्नाचा नवरा प्रफुल याचं स्टेशनजवळ झेरॉक्सचं दुकान होतं. तोवर चटणीशी त्याचा संबंध ताटापुरता होता. रेघांचं नाव निघालं आणि धंदा त्यानं हातात घेतला.

बारकोडच्या नंबरची नोंदणी झाली, आता प्रश्न छापायचं कशावर याचा. पहिली लेबलं त्यानं आपल्याच दुकानातल्या शाईच्या प्रिंटरवर काढली. दिसायला सुरेख होती. पण जवस तेल सोडतं. भरताना तेलाची बोटं लागली की रेघा एकमेकींत मिसळायच्या, आणि गेडाम फोनवर त्यांचे फोटो पाठवायचे.

मग नागपूरच्या एका विक्रेत्यानं थर्मल प्रिंटर दाखवला. त्याला शाई नाही, रिबन नाही. कागदाला उष्णता लागते आणि कागदच काळा पडतो. प्रफुलला हे फार पटलं. शाईच नाही तर पसरेल काय, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाईकाला सांगत बसला. महिना मे होता. खोकी टेम्पोच्या टपावरून चंद्रपूरला गेली, दिवसभर उन्हात तापली, आणि पोचेपर्यंत उन्हानं उरलेली जागाही छापून टाकली होती. खोक्यातून निघालेल्या लेबलांवर रेघा कुठल्या आणि कागद कुठला, हे माणसालाही कळेना.

प्रफुल खचला नाही. त्यानं रिबनचा प्रिंटर आणला. त्यात पुन्हा दोन जाती निघाल्या. मेणाची रिबन स्वस्त, पण तेलात बोट फिरवलं की पुसली जायची. दुसरी रेझिनची, म्हणजे राळेची. ती महाग, आणि तिला कागदाऐवजी प्लास्टिकचं लेबल लागायचं. ही विकत घेण्याआधी त्यानं नमुने मागवून परीक्षा लावली. लेबलं तेलात बुडवली, पत्र्यावर वाळत घातली, पातेल्यात उकळली. गॅस त्याच्या पातेल्यानं अडलेला, आणि ज्योत्स्ना जवसाचं टोपलं घेऊन मागं उभी.

नंतर तिचाही वेळ लेबलांतच जाऊ लागला. बाटली पुसा, लेबल सरळ लावा, मोबाइल धरून वाचतं का बघा. मंद आचेवर जवस भाजत बसायला सवड उरली नाही. ते ती बाजारातून भाजलेलंच आणू लागली. उखळ कोपऱ्यात गेलं, मिक्सर आला. एकदा तिनं स्वतःच चाखून पाहिलं आणि म्हणाली, "चटणी करपट लागून राह्यली."

प्रफुल मोबाइल बाटलीवर धरून होता. "एका दमात वाचलं," तो म्हणाला.

रेझिनचं लेबल सगळ्या परीक्षा पास झालं. गेडामांनी फोन करून लेबलाची तारीफ केली. पुढं काही महिन्यांनी त्यांनीच फोन केला, की बाटल्या खपत नाहीत, एकदा नेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. ज्योत्स्नाला कारण माहीत होतं.

आणि मग त्यांचा आणखी एक फोन आला. मेहुणीनं नागभीडच्या आठवडी बाजारातून एक बाटली आणून दिली होती. लेबल ज्योत्स्नाचंच, नंबर तोच.

"ताई, त्या लेबलावरची तारीख उलटून गेली आहे," गेडाम म्हणाले, "आणि चटणी कालच कुटल्यासारखी ताजी! हा माल तुम्ही आम्हाला का पाठवत नाही?"

ज्योत्स्ना बाजारात कधी बसलीच नव्हती. पुढच्या बाजारी ती आणि प्रफुल शोधत निघाले. मिरचीवाल्यांच्या ओळीच्या शेवटी, त्यांच्याच मागच्या गल्लीतल्या भागीरथाबाई पोत्यावर बसल्या होत्या. पुढं चटणीच्या बाटल्या, आणि प्रत्येकीवर प्रफुलचं लेबल.

प्रफुल तापला. दुसऱ्याच्या नावावर माल विकणं म्हणजे फसवणूक, असं तो चारचौघांत बोलून गेला. भागीरथाबाईंनी त्याला पुरतं बोलू दिलं.

"लोकं रिकाम्या बाटल्या फेकून राह्यले होते, मी धुऊन घेतल्या," त्या म्हणाल्या. "लेबल काढाले मी काय कमी केलं? भिजवलं, राखेनं घासलं, इळ्यानं खरवडलं. निघतच नाई. आता तूच सांग बापा, कसं काढू."

प्रफुलचा राग क्षणभर कुठल्या कुठं गेला. "राखेनं बी नाई निघालं?" त्यानं विचारलं.

ज्योत्स्नानं चिमूटभर चटणी तळहातावर घेऊन तोंडात टाकली. लसूण नेमका होता, जवस आतपर्यंत भाजलेलं होतं. तिच्या हातची चटणी अशीच लागायची, गेडाम दारात आले त्याच्या आधी. तिला भागीरथाबाईंचा राग यायला हवा होता. आली ती लाज.

"कशी करता?" तिनं हळूच विचारलं.

"मंद जाळावर भाजतो, उखळात कुटतो. तूच तं शिकवलं मले, माह्या सुनेच्या बाळंतपणात. इसरली का?"

ती खरंच विसरली होती. तिथंच पोत्याच्या कडेला बसून तिनं विचारलं, की दोघींनी मिळून केलं तर? भागीरथाबाईंनी थोडा विचार केला. चटणी त्यांच्या चुलीवर होईल आणि प्रफुलनं त्या घरात पातेलं मागायला यायचं नाही, एवढं त्यांनी कबूल करून घेतलं.

आता चंद्रपूरला जाते ती भागीरथाबाईंच्या उखळातली चटणी. ज्योत्स्ना दुपारी तिकडं कुटायला जाते, नव्या बाटल्यांवर दोघींची नावं असतात आणि लेबलं एकटा प्रफुल लावतो. खप वाढला तसा गेडामांनी फोनवर आग्रह धरला, की लेबलावरची मुदत वाढवा, तुमची चटणी त्याहून कितीतरी जास्त टिकते, हे त्यांनी स्वतः खाऊन पाहिलं आहे. ज्योत्स्नानं त्यांना सगळं सरळ सांगितलं. बाटली जुनी होती, लेबल जुनं होतं, चटणी मात्र आदल्या दिवशीची आणि दुसऱ्या बाईनं भरलेली होती.

गेडाम मोकळेपणानं हसले. धंद्याचं गुपित सांगायचं नसेल तर सांगू नका, ताई, म्हणाले, पण अशा गोष्टी रचू नका.

ज्योत्स्नानं पुन्हा समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात भागीरथाबाईंची हाक आली, की जवस तडतडाले लागलं. तिनं फोन ठेवला आणि उलथनं घेतलं.