उंबऱ्याबाहेरचा पाय

उजव्या बुटाची टाच बाहेरच्या कडेने झिजून तिरकी झाली होती. डाव्या बुटाच्या तळावरचा मापाचा आकडा मात्र अजून वाचता येत होता. साखरबाईने दोन्ही तळ पुन्हा पाहिले. डावा पाहायचा म्हणजे कमळीचा अख्खा पायच उलटा धरावा लागे. बूट त्या पायावरच चढवलेला होता.

"आजपण उड्या मारतच फिरलीस ना घरभर?"

"मग काय करू?" कमळी आतून ओरडली. "आजी म्हणती, बूट भायेर."

साखरबाईची ही लेक नऊ वर्षांची. सत्त्याऐंशीच्या दिवाळीआधी तिच्या गुडघ्याजवळ गाठ आली, ती कॅन्सरची निघाली आणि मुंबईच्या इस्पितळात डावा पाय मांडीतून कापावा लागला. औषधं संपल्यावर तिथेच हा नवा पाय मिळाला. कमरेला पट्टा, गुडघ्यात खटका. चालायला शिकवणाऱ्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, याचा तोल बुटाच्या टाचेवर बसवलाय. बूट काढून चालली तर पोर मागच्या मागे पडेल. घरातही घालायचा. नुसत्या उड्या मारत राहिली तर मांडी आखडेल, आणि मग हा पाय चढायचाच नाही.

सांगायला सोपं होतं. बोईसरच्या चाळीत यांची एकच खोली. एका भिंतीला स्टोव्ह, समोरच्या भिंतीला सासूचे, राहीबाईंचे देव, गावाहून फडक्यात बांधून आणलेले. तिथे पायताण कसं यायचं? म्हणून पाय नुसता शाळेपुरता; कमळी घरी आली की उंबऱ्यावर बसून पट्टा सोडी, आणि चपलांच्या रांगेत एक पाय उभा राही.

"घरातल्या घरात घालायला कोरा बूट घेते," साखरबाईने सासूला म्हणून पाहिलं होतं.

"कातडं ते कातडं."

"कापडी घेते."

"बूट तो बूट."

नवऱ्याने, बन्सीने देवांपुढे पडदा लावायचं सुचवलं, तर राहीबाई म्हणाल्या, "देवाला कोंडतोस व्हय रे?" तेव्हापासून तो रंगाच्या कारखान्यातून निळे हात घेऊन यायचा आणि म्हणायचा, "बघू." त्या 'बघू'ने साखरबाईचे कान किटले होते. पण तिचं तरी काय? पॅकिंग खात्यात सुपरवायझरशी ती तोंडावर भांडे. घरी सासूसमोर मात्र शब्द ओठापर्यंत येई आणि ती भांडी घासायला घेई.

"उद्या मुंबईची तारीख हाय," ती आता म्हणाली. "बाई हा तळ बघतील. काय सांगू त्यांना?"

"सांग, पोर ल्हान हाय," राहीबाई तुळशीसाठी तांब्या भरत म्हणाल्या.

"ल्हान हाय म्हणूनच तर!"

"वर्गातल्या पोरी विचारत्यात," कमळी मध्येच बोलली, "तुझ्या पायाला घरी घेत नाय का? आणि आई, कुत्र्यानं पळवला तर मुंबईवाले दुसरा देतील?"

"गप बस!" साखरबाई खेकसली. पाय भिंतीला टेकवून ती आत आली आणि पातेलं स्टोव्हवर आदळलं.

राहीबाई तांब्या घेऊन उंबरा ओलांडू लागल्या. बाहेर टेकलेल्या पायाला त्यांचं पाऊल लागलं. पाय आडवा झाला. गुडघ्याचा खटका वाजला. राहीबाई थबकल्या. तांब्या खाली ठेवला, गुडघ्यावर हात टेकून वाकल्या, आडव्या पायाला बोटं लावली आणि ती कपाळाला लावली. निजलेल्या माणसाला चुकून पाय लागल्यावर लावावी, तशी.

साखरबाईच्या हातातलं झाकण तसंच राहिलं.

"कुणाच्या पाया पडलात, आत्याबाई?"

"कुणाच्या म्हंजे?" राहीबाई वैतागून म्हणाल्या. "दिसत नाय व्हय तुला? कमळीला पाय लागला माझा."

बोलल्या आणि त्यांनी हाताच्या बोटांकडे पाहिलं. मग पुन्हा त्या पायाकडे. कमळी देवांच्या भिंतीला धरून एका पायावर उभी होती.

साखरबाईने स्टोव्ह बारीक केला. बाहेर येऊन पाय उचलला, बुटाचा तळ पदराने पुसला. आवाज तिला वाटला होता तितका चढला नाही.

"आत्याबाई, पोरीचा पाय आजपासून घरात ऱ्हाईल. बुटासकट."