केरबाच्या लेकीनं दूध सोडलं

“मला नको, आबा,” म्हणत संयोगितानं पेला मागं सारला आणि दूध कट्ट्यावरची माणसं बोलायची थांबली.

केरबाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. कट्ट्यावर गिऱ्हाइकांसमोरच संध्याकाळच्या धारा चालू होत्या. म्हशीच्या कासेतून थेट पेल्यात उतरलेलं फेसाळ दूध पहिल्यांदा लेकीला द्यायचं, हा त्याचा ती फ्रॉकात होती तेव्हापासूनचा शिरस्ता. एसटीत कंडक्टर झाली तरी तो मोडला नव्हता. ड्यूटी संपली की ती खाकी कपड्यांतच इथं यायची, एका दमात पेला रिकामा करायची, आणि केरबा गिऱ्हाइकांना म्हणायचा, “बगा, ही आमची जाहिरात!”

“पोट बिगडलंय काय?” त्यानं विचारलं.

“न्हाय. डॉक्टरनी दूध बंद करून बघायला सांगितलंय. तोंडावरच्या फोडांसाठी.”

कुणीतरी फिसकन हसलं. “केरबा, तुझ्या दुधानं फोड येत्यात व्हय रं?”

केरबानं तो पेला त्या हसणाऱ्याच्याच हातात दिला. लेकीकडं बघितलंसुद्धा नाही.

फोड आले ते कॉलेजात असताना. वयाचं आहे, जातील आपोआप, असं सगळे म्हणाले. ते गेले नाहीत. हळद झाली, लिंबू झालं, टूथपेस्ट लावून झाली. मग एका मैत्रिणीनं गोरं करणारी क्रीम दिली. आठवड्यात चेहरा तुळतुळीत झाला, आणि क्रीम थांबवली की दुपटीनं फोड उठायला लागले. त्या क्रीमच्या तालावर संयोगिता बरेच महिने नाचली. शेवटी गालांवर, हनुवटीवर दुखऱ्या गाठी आल्या. भर उन्हाळ्यात तोंडाला स्कार्फ गुंडाळून ती तिकिटं द्यायची. एकदा कागलच्या एका पोरीनं सुटे पैसे तिच्या हातावर न ठेवता सीटवर ठेवले. “आपल्याला बी लागण झाली तर?” ती शेजारणीला कुजबुजली. त्याच आठवड्यात संयोगितानं राजारामपुरीतल्या डॉक्टर आदिती मगदूम यांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी आधी क्रीमची ट्यूब हातात घेतली आणि सरळ कचऱ्यात टाकली. “ही बंद. काही दिवस चेहरा आणखी बिघडेल, घाबरायचं नाही. मी देते ते मलम रात्री लावा. दोन वेळा सौम्य साबणानं धुवायचं, घासायचं नाही, फोडायचं तर मुळीच नाही. उन्हात जायचं तर उन्हापासून वाचवणारी क्रीम लावा. आणि खाता काय?”

स्टँडवरचा गोडमिट्ट चहा, खारी, क्रीमची बिस्किटं, वडापाव. आणि दोन वेळचं पेलाभर दूध.

“गोड आणि मैदा कमी करा. दूध सगळ्यांनाच बाधतं असं नाही, पण काहींना बाधतं. दोन-तीन महिने सोडून बघा. फरक नाही पडला तर परत प्या.”

“डॉक्टर, आमचा धंदाच दुधाचा हाय.”

“मग घरी सांगणं हेच तुमच्यासाठी सगळ्यात कडू औषध,” डॉक्टर म्हणाल्या.

खरंच कडू होतं. केरबा घरात तिच्याशी कामापुरतंही बोलेना. ताटावर बसला तरी भिंतीकडं तोंड करून जेवायचा. इकडं क्रीम सुटल्यानं चेहरा पेटला. आई शालूबाई तिच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ भरता भरता म्हणाली, “पी की गं घोटभर. म्हंजे तुजा आबा बी बोलाय लागंल.”

“आई, पथ्य अर्ध्यात सोडलं तर कदीच कळायचं न्हाय मला,” संयोगिता म्हणाली. बोलताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. स्वतःच्या चेहऱ्याबद्दल काहीतरी तिनं स्वतः ठरवलं होतं, आणि त्याचंच तिला बळ आलं होतं.

सगळ्यांत चिवट सवय हाताची होती. नोटा मोजलेली मळकी बोटं न कळत हनुवटीवर जायची आणि फोड कुरतडत बसायची. तिनं ड्रायव्हर विजयसिंहांना सांगून ठेवलं. मग आरशात दिसलं की ते स्टिअरिंगवरूनच ओरडायचे, “ताई, हात!” अख्खी गाडी दचकून आपापले हात बघायची. संयोगिताला हसू यायचं आणि हात खाली यायचा.

पावसाळा सरता सरता गाठी बसल्या. नवे फोड क्वचित. डाग उरले, पण ते सावकाश जातील असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एका सकाळी तिनं स्कार्फ खुंटीवरच ठेवला आणि ड्यूटीवर गेली. कुणी विचारलं नाही. तिला वाटलं होतं, निदान कुणीतरी विचारेल.

दिवाळीच्या पाडव्याला केरबानं म्हशींची शिंगं रंगवली, पाठीवर मोरपिसं बांधली. आबांचा उजळलेला चेहरा बघून संयोगिताला राहवलं नाही. “द्या, आबा,” तिनं आपणहून हात पुढं केला. केरबाचे डोळे भरून आले. त्यानं धार काढून दिली, ती प्यायली. पुढं चार दिवस रोज प्यायली. आठवडा संपायच्या आत हनुवटीवर दोन लालभडक गाठी वर आल्या. सकाळी ती नळावर तोंड धूत होती तेव्हा केरबा गोठ्याच्या दारात उभा राहून बघत राहिला. त्या संध्याकाळी त्यानं तिच्यापुढं पेला धरला नाही.

नंतर एका दिवशी तो तिच्याच गाडीत चढला. मुरगूडला एक म्हैस बघायची होती. मागच्या सीटवर बसून त्यानं तिकीट काढलं, पुढं अक्षर नाही.

कागल सोडल्यावर पुढच्या सीटवरची एक म्हातारी संयोगिताच्या तोंडाकडं निरखून बघायला लागली. “पोरी, ह्ये डाग कशाचं गं? म्हशीचं दूध पीत जा सकाळ-संध्याकाळ. कांती उजळतीया.”

संयोगिता काही बोलणार, तेवढ्यात मागून आवाज आला. “तिला दूध चालत न्हाय, म्हातारे.”

“आसं कुटं आसतंय व्हय पावणं? दूध कुणाला चालत न्हाय?”

“माजी लेक हाय ती,” केरबा म्हणाला. “जल्मभर दूधच इकतोय मी. तरी बी तिला चालत न्हाय. डोळ्यानं बघितलंय.”

म्हातारीनं तोंड पुढं वळवलं. संयोगिता तिकीट मशीनवर नजर लावून उभी राहिली. मशीनवरचे आकडे तिला थोडा वेळ दिसेनात.

मुरगूडला केरबा उतरला, मागं न बघता बाजाराच्या दिशेनं चालायला लागला. गाडी सुटायच्या बेतात असताना तोच परत आला. खिडकीतून त्यानं कागदात बांधलेले पेरू आत दिले.

“ह्ये चालतंय न्हवं?”

“चालतंय, आबा.”

त्यानं मान हलवली आणि गाडीपासून बाजूला झाला. संयोगितानं पेरू पिशवीत ठेवले, आणि घंटीची दोरी दोनदा ओढली.