नाट्यगृहाच्या कपाटातला कानझाक्या

मी बोलतोय, काचेच्या आतून. नाट्यगृहात शिरलात की डाव्या हाताच्या भिंतीवर एक कपाट दिसतं ना, त्याच्या वरच्या फळीवर मी बसलोय. रंग पिवळा, दोन गुबगुबीत कप, त्यांना जोडणारी वाकडी पट्टी. मला बघून लोक म्हणतात, "हा कुठला जुनापुराणा हेडफोन!" हेडफोन मी नव्हेच. माझ्यातून गाणं येत नाही की बातमी येत नाही. बाहेरचा आवाज कानात घुसू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. घरात मला कानझाक्या म्हणायचे.

माझी पहिली नोकरी कारखान्यातली. पत्रा कापणाऱ्या मशीनवरच्या एका कामगाराला सुरक्षेसाठी म्हणून मला दिलं होतं. त्यांनी मला एकदाच डोक्यावर चढवलं, "छे, घाम येतो," म्हणाले आणि खुंटीला अडकवलं ते अडकवलंच. मशीनचं किंचाळणं त्यांनी जन्मभर उघड्या कानांनी ऐकलं. निवृत्त झाले तेव्हा त्यांचे कान गेले होते आणि मी मात्र कोरा करकरीत. जेवणाचा डबा, जुने बूट आणि मी, असे एकाच पिशवीतून घरी आलो.

घरात दोन मुली. थोरली नाटकात काम करायची. तिचा आवाज असा खणखणीत, की शेवटच्या रांगेतल्या माणसाची झोप उडावी. धाकटीला सगळे बारकी म्हणायचे. आता चांगली मोठी बाई होती ती, पुस्तकं बांधायच्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं; पण नाव बारकीच. या बारकीला आवाज सोसत नसत. त्रास तर सगळ्यांनाच होतो हो, पण हिचं तसं नव्हतं. मिक्सर सुरू झाला की कुणी कानशिलात लगावल्यासारखी ती वाकायची. लुकलुकत्या दिव्याखाली तिला मळमळायचं. नातेवाईक म्हणत, "लाडावून ठेवलीय, दुसरं काय!" एकाच घरात बापाला ऐकू येईना आणि लेकीला ऐकवेना.

एकदा शेजाऱ्यांनी भिंतीला ड्रिल लावलं. बारकी टेबलाखाली जाऊन बसली. वडिलांना ड्रिल ऐकू आलं नाही, पण टेबलाखालची लेक दिसली. त्यांनी पिशवी उपसून मला बाहेर काढलं आणि वाकून तिच्या डोक्यावर ठेवलं.

"घाल बाळा. मी कधी घातला नाही. तुझ्या तरी उपयोगाला येऊ दे."

तिचे खांदे हळूहळू खाली आले. मग ती टेबलाखालून बाहेर आली आणि चक्क हसली. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी कशासाठी जन्मलोय.

तेव्हापासून मी तिच्याबरोबर बाजारात गेलो, बँकेत गेलो, बसमधून फिरलो. "कुठलं गाणं लावलंय?" लोक विचारत. "कुठलंच नाही," ती म्हणे. लोकांना वाटे, बाई चेष्टेखोर आहे.

एक दिवस ती बहिणीला म्हणाली, "ताई, सगळं जग तुझं काम बघून गेलं. मीच राहिले."

"अगं, या नाटकात विजा कडाडतात. शेवटी गोळी झाडतात. तुला कसं झेपणार?"

"कानझाक्या आहे की."

ताईचे डोळे भरून आले. तिने अगदी पुढची, अगदी मधली खुर्ची काढली. प्रेमाने काढली, मधून सगळं दिसतं ना! मधून बाहेर पडता येत नाही, हे तिच्या लक्षात आलं नाही. रंगमंचावरून बघताना सगळ्याच खुर्च्या सारख्या दिसतात.

दारावर एक काका उभे होते. बारकीला बघून म्हणाले, "हेडफोन आत चालत नाही."

"हेडफोन नाहीये काका. हा आवाज..."

"सगळे असंच म्हणतात. परवा एकानं बसल्या बसल्या अख्खी मॅच ऐकली. इथे ठेवा, जाताना घेऊन जा."

मागची रांग कुरकुरायला लागली. "चला हो, आटपा लवकर!" घाई झाली की बारकीचे शब्द घशात अडकतात. आताही अडकले. काकांनी मला तिच्या हातातून घेतलं, टेबलाच्या खणात टाकलं आणि किल्ली फिरवली.

खणात मिट्ट काळोख. एक मोडकी छत्री, एकुलता एक हातमोजा आणि मी. वर भिंतीवर छोटा स्पीकर होता. आत नाटक कुठवर आलंय ते बाहेरच्यांना कळावं म्हणून. त्यातून ताईचा आवाज आला. मी तो कान देऊन ऐकला. हो, झाकण्यासाठी जन्मलेला मी, त्या दिवशी ऐकत होतो. बारकीही ऐकत असेल, खूश असेल, असं वाटलं.

मग वीज कडाडली.

लोकांनी "वा!" म्हटलं. पाठोपाठ दुसरी कडाडली. स्पीकरमधून कुजबुज आली, "अहो बसा ना खाली!", "पाय, माझा पाय!" थोड्या वेळाने दारावर आतून थापा पडू लागल्या. त्या थापा मी ओळखल्या.

काका दाराला तोंड लावून दबक्या आवाजात म्हणाले, "नाटक चालू असताना दार उघडत नाही. जागेवर बसा."

थापा वाढल्या. ती त्या बाजूला कोंडलेली, मी या बाजूला कोंडलेला. मध्ये एक कडी आणि एक कुलूप. मला हात असते तर खण फोडला असता. हात नव्हते. ओरडावं, तर मला आवाजही नव्हता.

इतक्यात स्पीकरमधलं ताईचं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

"थांबवा," ती म्हणाली. "विजा बंद करा. दिवे लावा. दाराशी माझी बहीण आहे. दार उघडा, कुणीतरी दार उघडा!"

लोकांना वाटलं हे नाटकातलंच. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. मग सगळं चिडीचूप झालं आणि कडी सरकली.

बारकी बाहेर येऊन भिंतीला टेकून खालीच बसली. ताई नाटकातल्या लुगड्यानिशी, तोंडाला रंग तसाच घेऊन धावत आली. तिला जवळ घेतलं नाही. अशा वेळी स्पर्शही सोसत नाही हे तिला ठाऊक होतं. हातभर अंतरावर फरशीवर बसली. "मी इथेच आहे. बोलू नकोस."

काका पाण्याचा पेला घेऊन आले. "मला काय माहीत हो..."

"तुम्हाला माहीत नव्हतं," ताई म्हणाली. "पण ती सांगत होती ना, काका?"

बऱ्याच वेळाने बारकीने मान वर केली. "ताई, तू जा. लोक थांबलेत. नाटक पूर्ण कर." ताई हलेना, तेव्हा तिने पुन्हा म्हटलं, "जा म्हणते ना! माझ्यामुळे अर्धं राहिलं असं व्हायला नको." ताई आत गेली, आणि बारकी एकटीच टॅक्सी करून घरी गेली. त्या गडबडीत मी कुणाला आठवणार?

पुढचं मी खणातून ऐकलं. निर्मात्याने ताईला फैलावर घेतलं. ती म्हणाली, "काढायचं तर काढा. पण विजेबद्दल आणि गोळीबद्दल आधी सांगत जा लोकांना." काढलं नाही. हल्ली पडदा उघडण्याआधी तशी घोषणा होते. काही जण चिडतात, "आधीच सांगून मजा घालवली!" काही जण मात्र गुपचूप दाराजवळच्या खुर्च्या मागून घेतात. मी मोजत नाही, पण दिसतात मला.

दिसतात, कारण मी आता या कपाटात आहे. नाट्यगृहाच्या साहेबांनी माझ्यासारखे आणखी काही नवे आणले, मलाही खणातून काढून, पुसून त्यांच्यात बसवलं, वर पाटी लावली: 'आवाजाचा त्रास होणाऱ्यांसाठी खास सोय.' फोटो निघाले. कपाटाला कुलूप लागलं. कुणी विचारलं तर काका ओशाळून सांगतात, "किल्ली साहेबांकडे आहे. साहेब सकाळी येतात." नाटकं संध्याकाळी असतात.

परवा बारकी आली. गळ्यात निळा, नवा कानझाक्या. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली. गोळीची वेळ झाली तशी काकांनी स्वतः दार लोटून तिला खूण केली. ती बाहेर आली, निळा कानांवर ओढला आणि नेमकी माझ्यासमोर उभी राहिली. आत गोळी सुटली. तिने डोळे घट्ट मिटले, उघडले, आणि मी दिसलो.

"काका, हा माझा!"

काकांचा चेहरा पडला. "कुलूप आहे हो. सकाळी आलात तर साहेबांना सांगून..."

तिने काचेवर बोट टेकलं, बरोबर माझ्या पट्टीवर.

"राहू दे," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला तरी लागेल." आणि ताईचा शेवटचा प्रवेश बघायला आत गेली. दार काकांनी उघडंच ठेवलं.

तर मी आता त्या दुसऱ्या कुणाचा आहे. तो कोण, बाई की बुवा, लहान की मोठा, मला माहीत नाही. कदाचित विचारायला लाजत असेल. लोक काय म्हणतील, नाजूक म्हणतील, म्हणून खुर्चीचा हात घट्ट धरून बसला असेल. बाबा रे, तू असशील तर लाजू नकोस. काकांना किल्ली माग. नाही म्हणाले तर उद्या परत माग. आणि तुम्हाला काहीच त्रास नसेल, तर तुम्ही मागा. तुमचे शब्द घशात अडकत नाहीत ना?