डावी बाजू

इस्त्री लेकीच्या वर्दीच्या बाहीवरून सरकत डाव्या खांद्याशी आली आणि थांबली. तिथलं दोरी अडकवायचं बिरडं रिकामं होतं. हवालदारांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"दोरी कुठाय?"

लेक खिडकीपाशी बसून बूट घासत होती. तिने मान वर केली नाही.

"पिशवीत आहे. असू दे, बाबा."

"असू दे काय? आज पुलाचा स्मरणदिन. उघड्या खांद्यानं उभी राहणार?"

"अहो, तुमच्यासाठीच काढलीय तिनं," आतून आई म्हणाली. "गल्लीच्या तोंडाशीच उतरवली. मी पाहिलं ना."

 हवालदारांची फौजेतली नोकरी सुटून जमाना झाला होता, तरी गल्लीला ते अजून हवालदारच होते, आणि त्यांचा राग गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होता.

एका हिवाळ्यात दोन पलटणींनी मिळून एकच पूल राखला होता. एक पलटण पुलावर. दुसरी, म्हणजे हवालदारांची, पुलाच्या डाव्या अंगाला, जिथे नदी पायी ओलांडता येते त्या उतारावर. उतार शत्रूच्या हाती पडला असता तर पूल एका घटकेत गेला असता. पण 'मानाची पलटण' हा किताब पुलावरच्यांना मिळाला, आणि डाव्या खांद्यावर लाल दोरी लावायचा मानही. एक शाबासकी देऊन उतारावरच्यांच्या तोंडाला पानं पुसली गेली. पुढे ती पलटणही मोडली. किताब मात्र माणसाचा नसतो, पलटणीचा असतो. त्यामुळे ज्यांनी तो पूल चित्रातसुद्धा पाहिला नव्हता अशी पोरं लाल दोरी मिरवत हिंडायची. हवालदार त्यांना 'दोरीवाले' म्हणायचे आणि नाक मुरडायचे.

आणि त्यांची लेक नेमकी दोरीवाल्यांत गेली. ती फौजेत लागली तेव्हा ते घरोघर सांगत फिरले होते. पलटणीचं नाव तेवढं गिळून टाकलं होतं.

"आण इकडे," ते म्हणाले.

"नको ना, बाबा. तुम्हाला त्रास होतो."

"माझा त्रास माझ्यापाशी. तू कमावलेलं तू घालायचं. आण."

तिने दोरी त्यांच्या हातावर ठेवली. इतक्या वर्षांत एकही दोरी त्यांनी हातात धरली नव्हती. त्यांनी ती बिरड्यातून ओवली आणि जरा लांब धरून पाहिली.

"केवढी लोंबतेय! तुझा खांदा केवढा, दोरी केवढी. एवढंसुद्धा बघत नाहीत तुमच्यात?"

त्यांनी पातं घेतलं आणि टोक बोटभर छाटलं. लाल पदर सुटे झाले. मधोमध एक पिवळा धागा निघाला.

हवालदारांनी तो चष्म्याजवळ नेला. त्यांच्या मोडलेल्या पलटणीच्या टोपीवरच्या पट्टीचा पिवळा. दुसरा कुठला पिवळा असूच शकत नव्हता.

"हा कुणी घातला?"

"मीच." लेकीला नवल वाटलं. "आमच्यात दोरी भांडारातून मिळत नाही. ज्याची त्यानं वळायची, पिवळ्याभोवती लाल. मधे पिवळा नसला तर सुभेदार सगळी उसवायला लावतात."

"कशाला?"

"उतार राहिला म्हणून पूल राहिला. वळताना मोठ्यानं म्हणायचं असतं ते. किताबाच्या हुकमात लालच रंग लिहिलाय, वरून दुसरा चालत नाही. म्हणून आतून." तिने त्यांच्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं?"

"कधीपासून हे?"

"पहिल्या दोरीपासून."

हवालदार खुर्चीत बसले.  मग त्यांनी सुई मागितली, लाल दोरा मागितला, आणि सुटलेलं टोक गुंडाळायला घेतलं.

"आज राहू द्या उघडं," लेक हळूच म्हणाली. "दिसू दे की लोकांना."

"खुळी आहेस. नियम तो नियम." त्यांनी शेवटचा टाका आवळला. पिवळा पुरता झाकला गेला. "आहे ना आत? झालं तर."

मग आतल्या खोलीकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "अगं, माझी टोपी काढ. ट्रंकेतली."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. स्मरणदिनाला हवालदार कधीच गेले नव्हते.

लेकीने सदरा चढवला. दोरी त्यांनी स्वतः बसवली, दोनदा पाहिली, खांद्यावर नसलेली धूळ झटकली. गल्लीत उतरल्यावर ती सवयीने आपल्या उजव्या हाताला त्यांच्यासाठी जागा सोडून उभी राहिली. वडील माणसाला उजवी बाजू द्यायची, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

पिवळ्या पट्टीची टोपी नीट करत हवालदार तिच्यामागून वळसा घेऊन दुसऱ्या अंगाला आले.

"चल पुढं," ते म्हणाले. "डावीकडे मी आहे."