गेर्डाचे बेचाळीस चौकोन

हुल्डा ऑस्टविक चर्चच्या बर्फाळ पायऱ्यांवरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं, तेव्हा गेर्डा लुंडेबीला मनापासून वाईट वाटलं. घरी पोचेपर्यंत वाटत राहिलं. मग तिच्या लक्षात आलं की या वर्षी गोधडीचं चित्र हुल्डा काढू शकणार नाही. त्यानंतर मात्र वाईट वाटून घ्यायला तिला जरा जोर लावावा लागला.

मिनेसोटातल्या त्या गावात लूथरन चर्चच्या तळघरात बायका दर गुरुवारी गोधड्या शिवायला जमत, आणि अकरा वर्षं चित्र हुल्डाच काढत आली होती. चौकटीचा कागद, टोकदार रंगीत पेन्सिली, आणि बाकीच्यांनी नुसतं बघत बसायचं. गेर्डाने एकदा एक चांदणी काढून नेली होती. हुल्डा तिच्याकडे बघून "नीटनेटकी आहे" एवढंच म्हणाली होती. त्या गावात याहून वाईट कुणी कुणाला बोलत नसे.

त्या वसंतात चर्चला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. गोधडी सभागृहाच्या भिंतीवर कायमची लागायची होती. पाळकांनी काम गेर्डाला दिलं, आणि दोन आठवडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर जेवणाला जागा उरली नाही. शेवटी तिच्या मनासारखा एक चौकोन जमला. मधे लाल चांदणी, भोवती गडद निळं, आणि चारी कोपऱ्यांत काटकोनात वळलेली पांढरी पट्टी. हाच चौकोन बेचाळीस वेळा शिवायचा, आडवे सहा आणि उभे सात.

हुल्डा हात गळ्यात बांधून बघायला आली. बराच वेळ कागद न्याहाळून म्हणाली, "चार चौकोन शेजारी-शेजारी काढून बघ. जोडल्यावर कोपऱ्यांचं काय होतं, ते एकट्या चौकोनात कळत नाही."

सल्ला सोळा आणे खरा होता. दुसऱ्या कुणीही दिला असता तर गेर्डाने तो ऐकला असता.

बायकांनी घरोघरी चौकोन शिवले आणि गेर्डाने ते मशीनवर जोडले. जोडलेला भाग टेबलावरून खाली धुण्याच्या टोपलीत जात होता, त्यामुळे सगळी गोधडी एकदम कधी दिसलीच नाही. मार्चमधल्या एका बुधवारी शेवटची शिवण घालून झाली, तेव्हा तिने ती पलंगावर पसरली आणि कौतुक करायला नवऱ्याला गोठ्यातून बोलावून घेतलं. सेल्मर दिवसाकाठी दहा-बारा वाक्यं बोलायचा, त्यातली निम्मी गायींशी. तो दारातच उभा राहिला.

"हुल्डाने काढलं का चित्र?"

"मी काढलं. का?"

"काही नाही. तिचं नाव दिसलं म्हणून विचारलं."

मग गेर्डालाही दिसलं. जिथे जिथे चार चौकोनांचे कोपरे भेटत होते, तिथे चार पांढऱ्या पट्ट्या मिळून एकेक ठसठशीत इंग्रजी एच उभा होता. हुल्डाचा एच. वरपासून खालपर्यंत मोजले तर तीस भरले. एकदा ते दिसल्यावर चांदण्या दिसेनाशाच झाल्या.

तिने गोधडी ओढून आडवी फिरवली. एच आडवे झाले आणि त्यांचे इंग्रजी आय झाले. मी, मी, मी. तीस वेळा मी.

"आता तुझी वाटते," सेल्मर म्हणाला आणि गायींकडे परत गेला.

बायका दुसऱ्याच दिवशी अस्तर लावायला जमणार होत्या. एवढ्या शिवणी उसवणं शक्य नव्हतं. आजारी पडायचाही विचार तिने करून बघितला, पण गोधडी न्यायला सेल्मर गेला असता आणि तो काय बोलेल याचा भरवसा नव्हता. देवाच्या घरात तीस वेळा स्वतःचा डंका पिटण्यापेक्षा हुल्डाची भक्त ठरलेली बरी, असं तिने शेवटी ठरवलं, पण ते ठरवताना तिला रडू आलं.

गुरुवारी तळघरात गोधडी पसरली. एकीने दोऱ्याचं कौतुक केलं. दुसरी म्हणाली की कॉफी आज छान झालीय. ती अजून ओतलीही नव्हती. तेवढ्यात हुल्डा आली. ती टेबलाभोवती एक फेरी फिरली आणि तिचे ओठ हलत राहिले. मग तिचे डोळे भरून आले. मनगट मोडलं तेव्हाही ती रडली नव्हती, फक्त हातातल्या केकचं काय झालं ते विचारलं होतं.

"तीस आहेत," ती हळूच म्हणाली. "अकरा वर्षांत मला कुणी साधं बरं झालं म्हणून म्हटलं नाही, गेर्डा."

खरं काय ते गेर्डाच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"तीसच बसले," ती म्हणाली.

रविवारी गोधडी भिंतीवर लागली. पाळकांना कुणीच काही सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या परीने अर्थ लावला. एच म्हणजे होली, पवित्र, असं ते म्हणाले आणि गेर्डाच्या श्रद्धेच्या खोलीवर वीस मिनिटं बोलले. गेर्डाने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. शेजारी बसलेल्या हुल्डाने चांगल्या हाताने तिचा हात दाबला आणि कुजबुजली, "वाटू दे त्यांना तसं."

तेव्हापासून हुल्डा दर मंगळवारी घरी येऊ लागली. येताना लोणी-साखर लावलेला लेफ्सा, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, आणायची आणि गावातल्या एकेकाच्या अशा नकला करायची की गेर्डाला बाजूला वळून हसावं लागे. उन्हाळा संपेपर्यंत गेर्डाची पंचाईत अशी झाली की मंगळवारी हुल्डाला उशीर झाला तर ती खिडकीशी जाऊन उभी राहायची.

शरदात, मनगट नीट बसल्यावर, हुल्डाने एक कागद आणून टेबलावर ठेवला. गेर्डाच्या नावाचा इंग्रजी जी तिने चौकोनांत बसवला होता. तीन आठवडे खपली होती ती. पण जी असतो गोल, आणि चौकोनांना ते मान्य नव्हतं. कागदावर ओळीने सुबक इंग्रजी सहाचे आकडे उभे होते. हुल्डा वाट बघत होती.

"हुबेहूब जी," गेर्डा म्हणाली आणि कापड काढायला उठली.

ती गोधडी नाताळाच्या आधी शिवून झाली आणि गेर्डाच्या पलंगावर आली. पाहुण्यांनी विचारलं की सहा कशाचे, तर गेर्डा त्यांना दारापर्यंत मागे नेऊन सांगायची, जी आहे तो, जरा लांबून बघा.