सतरा आणि तेवीस

वामनरावांनी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीचं टोक टेकवलं आणि उचललंच नाही.

“हे दोन ठिपके एकाच जागी कसे?”

पुष्पलता वाकून पाहू लागली. खरं तर पाहायची गरज नव्हती, तो कागद तिला पाठ होता. नरखेड तालुक्यातल्या चाळीस संत्राबागा म्हणजे चाळीस ठिपके. गोडी, आंबटपणा, रस, बिया आणि सालीची जाडी हे पाच गुण म्हणजे मधून निघालेले पाच बाण. ठिपका गोडीच्या बाणाकडे सरकलेला असेल तर त्या बागेची संत्री गोड, उलट अंगाला पडला तर फिकी. बागा आणि त्यांचे गुण एकाच कागदावर मांडायची ही रीत एकोणऐंशी साली अगदी नवी होती, आणि हाताने फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड करून पुष्पलताचं मनगट सुजलं होतं. सतरा आणि तेवीस नंबरच्या बागा मात्र गोडीच्या बाणाच्या पार टोकाला, बाकी सगळ्यांपासून दूर, एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

वामनराव तिचे मार्गदर्शक. माणूस वाईट नव्हता, पण डोक्यात संशय शिरला की निघायचा नाही. त्यांचं म्हणणं असं की, एका बागेचे आकडे हरवले म्हणून हिने दुसरीचेच उतरवले आणि दशांशापुढचे तेवढे बदलले. सोमवारपर्यंत खुलासा आला नाही तर प्रबंधावर सही मिळणार नव्हती. पुष्पलताला रडू नाही आलं, संताप आला. महिनाभर खपून वर खोटेपणाचा आळ! त्यात वडिलांनी, पोरगी एमएस्सी झाली, असं अख्ख्या मोहल्ल्यात आधीच सांगून टाकलेलं. तिने कागदाची गुंडाळी केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली.

सतरा नंबर मारोतरावांची बाग, तेवीस नंबर त्यांचे धाकटे भाऊ बाबाराव यांची. मधे फक्त एक धुरा, म्हणजे शेताचा बांध, आणि सहा वर्षांपासून बोलणं बंद. पुष्पलताने दोघांनाही धुऱ्यावरच बोलावलं, तर दोघे आपापल्या बाजूला उभे राहिले. वाऱ्याने कागद उडू लागला तेव्हा एक टोक एकाने धरलं, दुसरं दुसऱ्याने.

“त्याले सांगा, बाई, ताणू नोको म्हना,” मारोतराव म्हणाले.

बाबारावांनी टोक मुकाट सैल केलं.

तिने ठिपके समजावले, बाण समजावले, आपल्यावर काय आळ आलाय तेही सांगितलं. मग विचारलं, की तपासायला पाठवायच्या पेटीत बागेतल्या दहा झाडांची फळं भरा असं मी बजावलं होतं, ती कुठली भरली? दोघांची नजर एकाच वेळी वर गेली.

वर, ऐन धुऱ्यावर, एक संत्र्याचं झाड फळांनी वाकलं होतं. झाड बापाने लावलेलं. वाटण्या झाल्या तेव्हा ते ना या बाजूला आलं ना त्या. सगळा तंटा त्याचाच. वाद मिटेपर्यंत कोणी फळाला हात लावायचा नाही, असं पंचांनी सांगितलं होतं आणि दोघांनी शपथेवर कबूल केलं होतं.

मारोतराव मान खाजवू लागले. बाबारावांनी कागदावरून नजर उचलली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ते थेट भावाशी बोलले.

“भाऊ, तू कधी तोडले?”

“तू बजारले गेलता तवा. अन् तू?”

“तू झोपला होता दुपारचा.” बाबाराव ओशाळून हसले. “आपलं संत्रं नागपूरच्या कॉलेजात जाऊन राहिलं, मंग फिकं काहून धाडू?”

“मले बी तेच वाटलं गा.”

पुष्पलताला हसू आवरेना. तिचा कागद खरा होता! एकाच झाडाची फळं दोन पेट्यांतून आली होती आणि कागदाने ती नेमकी एका जागी नेऊन बसवली होती. इतका आनंद तिला पहिल्या नंबराने पास झाल्यावरही झाला नव्हता.

आता वामनरावांसाठी लेखी पाहिजे होतं. ती तिथेच उकिडवी बसून लिहू लागली, की सतरा आणि तेवीस या दोन्ही पेट्यांतली फळं धुऱ्यावरच्या एकाच झाडाची, आणि ते झाड... इथे पेन थांबलं. एकाचं नाव घातलं की दुसरा सही करणार नाही, आणि दोन सह्यांशिवाय हा कागद फुकट. तिने हळूच विचारलं, झाड कोणाचं लिहू?

वारा पडला होता. मारोतरावांनी धाकट्याकडे पाहिलं.

“आमचं, ल्याहा.”

धुरा ओलांडून बाबाराव या बाजूला आले आणि त्यांनी पेन मागितलं. कागद टेकवायला जागा नव्हती, तेव्हा मारोतराव गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. बाबारावांनी भावाच्या पाठीवर कागद पसरला आणि सही करायला घेतली.

“लवकर आटप गा, कंबर दुखून राहिली,” खालून आवाज आला.

बाबाराव सावकाश एकेक अक्षर काढत राहिले.